मुलांच्या आतड्याचा आजार : रक्ताची तपासणी काय सांगते?

(संस्थेच्या पालक सभेत केलेले भाषण)



पालक सभेत मुलांच्या आरोग्यावर मी पंधरा मिनिटे बोलावे असे ठरले होते. मी बोललो पाऊण तास, आणि तरी बरेच राहून गेले. चिटणीससाहेब म्हणाले, जे राहिले तेही घालून स्मरणिकेसाठी लिहून द्या. म्हणून हा खटाटोप. प्रारंभीच सांगतो की मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, आठवी ते दहावीला मराठी व इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. असल्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारल्यास माझ्यापाशी एकच उत्तर आहे. या विषयात मी एक मोठी चूक केलेली आहे आणि ती एका मुलाला भोगावी लागली. त्याच्या आईच्या परवानगीनेच मी हे सांगत आहे. नाव मात्र सांगत नाही.

मुलगा आठवीत होता. हुशार म्हणण्यासारखा नाही, पण अक्षर सुंदर, आणि फळ्यावरचा सुविचार लिहायचे काम त्याच्याकडे असे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून त्याचा हात सारखा वर. पहिल्या तासाला, तिसऱ्या तासाला, मधल्या सुट्टीनंतर लगेच पुन्हा. 'सर, जाऊ?' सुरुवातीला मी सोडत असे. मग मला वाटू लागले की हा तास चुकवतो आहे. एकदा भर वर्गात मी म्हणालो, 'अरे, दप्तर घेऊन तिकडेच मुक्काम कर ना.' वर्ग हसला. तोही हसला. त्यानंतर त्याचा हात वर होणे कमी झाले आणि मला वाटले, मात्रा लागू पडली! पुढे कळले ते असे की शाळेत जायची वेळ येऊ नये म्हणून त्याने सकाळची न्याहारीच सोडून दिली होती. मधल्या सुट्टीतला डबा तो दुसऱ्यांना वाटून टाकीत असे.

आधीच्या वर्षी, सातवीत असताना, त्याने हट्टाने रमजानचे सगळे रोजे धरले होते. महिना संपला तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण तो रोज्यांमुळे असेल असे घरच्यांनी धरले आणि आम्हीही. वास्तविक ईद होऊन तीन महिने झाल्यावरही चेहरा भरत नाही, तेव्हा कारण दुसरे असले पाहिजे. एवढा विचार कोणी केला नाही. वडील आखातात नोकरीला. घरात आई, आजोबा आणि दोन लहान बहिणी.

ऑगस्टमध्ये त्याची आई एक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शाळेत आली. गावातल्या डॉक्टरांनी जंतांचे औषध दिले होते, आवेचे दिले होते, गुण नव्हता. मुंबईच्या कोणा नातेवाइकाने सांगितले की आतड्याच्या आजाराची रक्ताची एक मोठी तपासणी निघाली आहे, ती करून घ्या, दुर्बिणीची वगैरे भानगड नको. रक्त मुंबईला पाठवले, पैसे पुष्कळ गेले, आणि कागद आला तो सगळा इंग्रजीत. 'सर, यात काय लिहिलंय तेवढं सांगा.' मी वाचले. दोन लांबलचक नावे होती, पुढे आकडे होते, आणि दोन्हींच्या पुढे 'निगेटिव्ह' असा शब्द होता. मी म्हणालो, 'भाभी, काळजीचं कारण नाही. आतड्याचा आजार नाही असं लिहिलंय.' त्या माउलीने तिथेच डोळ्यांना पदर लावला. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती की, या निकालाचा अर्थ रुग्णाची लक्षणे पाहून डॉक्टरांनीच लावावा. ती मी वाचली होती. अशी ओळ सगळ्याच कागदांवर असते म्हणून सोडून दिली.

मध्ये सात महिने गेले. पुढचा रमजान लागला त्याच आठवड्यात मुलाला ताप भरला, आणि तेव्हा उघड झाले की शौचाच्या जागेजवळ त्याला मोठे गळू झाले आहे. लाजेने त्याने ते आईलाही सांगितले नव्हते. वर्गात तो एका बाजूला कलून बसतो हे मी पाहिले होते, आणि 'नीट बस' असे म्हणालोही होतो. त्याला मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. सोबत मी गेलो, कारण इंग्रजी वाचणारा दुसरा कोणी नव्हता. आणि खरे सांगायचे तर त्या कागदाचे ओझे माझ्या मनावर होते. तिथल्या मुलांच्या पोटविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी जुना कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारले, 'याची गेल्या दोन-तीन वर्षांतली उंची कोणाला ठाऊक आहे?' ती मला ठाऊक होती. शाळेच्या वहीत होती. सहावीच्या जूनमध्ये १३७ सेंटिमीटर, आठवीच्या जूनमध्ये १३९. दोन वर्षांत दोन सेंटिमीटर! या वयाचा मुलगा वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर सहज वाढतो. इतके पैसे खर्चून काढलेल्या कागदाने जे सांगितले नाही ते आमच्या कपाटातली वही केव्हापासून सांगत होती.

आता हा आजार काय आहे ते सांगतो. डॉक्टर त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी 'आयबीडी' म्हणतात. आपण आतड्याचा दाहविकार म्हणू. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होणे. यात शौचावाटे रक्त पडते, त्यामुळे घरचे लोक निदान घाबरून डॉक्टरकडे तरी जातात. दुसरा क्रॉनचा आजार. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील क्रॉन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघा डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. नाव मात्र एकट्या क्रॉनचे राहिले. हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. मध्ये चांगला भाग, मग बिघडलेला, मग पुन्हा चांगला, असे त्याचे चालते, आणि जखम आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते ती जागा त्याच्या विशेष आवडीची. शरीराची जी संरक्षक शक्ती जंतूंशी लढण्यासाठी आहे तीच इथे आतड्याच्या आत नांदणाऱ्या निरुपद्रवी जंतूंवर, आणि त्या भरात आतड्यावरच उलटते, असे आजचे शास्त्र मानते. काहीसा आनुवंशिक कल असतो, काही भाग परिस्थितीचा असतो. नेमके एक कारण सापडलेले नाही. हा साथीचा रोग नव्हे. एकाच्या डब्यातले दुसऱ्याने खाल्ले म्हणून तो होत नाही.

या रुग्णांपैकी साधारण चौथा-पाचवा हिस्सा वीस वर्षांच्या आतला असतो. आणि मुलांमध्ये, विशेषतः क्रॉनच्या आजारात, जुलाब हे लक्षण दर वेळी असतेच असे नाही. कधी नुसती उंची थांबते. कधी वयात येणे लांबते. कधी तोंड सारखे येते, कधी सांधे दुखतात, कधी रक्त कमी होते आणि लोहाच्या गोळ्या देऊनही वाढत नाही. अशा मुलाला आपण काय म्हणतो? 'खातच नाही', 'आळशी आहे', 'अभ्यासाचा कंटाळा आहे'. शिक्षकही हेच म्हणतात.

आता त्या रक्ताच्या तपासणीकडे येतो, कारण मुख्य विषय तोच आहे. एखादा परका पदार्थ वा जंतू शरीराला शत्रू वाटला की रक्तात त्याच्याविरुद्ध खास द्रव्ये तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात. गोवराची प्रतिपिंडे गोवराला ओळखतात, कावीळीची कावीळीला. साहजिकच शास्त्रज्ञांच्या मनात आले की आतड्याच्या या आजारातही रक्तात काही खुणेची प्रतिपिंडे सापडतील, तर मुलाच्या पोटात नळी घालण्याचा त्रास वाचेल. कल्पना काही वावगी नव्हती.

अशी दोन प्रतिपिंडे विशेष प्रसिद्ध आहेत. पहिल्याचे आद्याक्षरी नाव 'अस्का'. १९८८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले की क्रॉनच्या रुग्णांच्या रक्तात यीस्टविरुद्धची प्रतिपिंडे जास्त प्रमाणात असतात. यीस्ट म्हणजे आपल्या बेकरीत पाव फुगवायला घालतात ते. त्याच्या पेशीच्या भिंतीवर मॅनन नावाचा एक साखरेच्या जातीचा पदार्थ असतो, त्याला ही प्रतिपिंडे चिकटतात. दुसरे 'पी-अँका'. हे आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींविरुद्ध असते. काचपट्टीवर अल्कोहोलने पक्क्या केलेल्या पांढऱ्या पेशी ठेवतात, त्यावर रुग्णाच्या रक्तातले पाणी टाकतात, मग चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशीच्या मध्यकेंद्राभोवती कडे चमकले तर तपासणी पॉझिटिव्ह. हे अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये अधिक आढळते. तेव्हा अस्का असेल तर क्रॉन, पी-अँका असेल तर कोलायटिस, असा सुटसुटीत हिशेब दिसला. पुढे आतड्यातल्या इतर जंतूंच्या भागांविरुद्धची आणखी काही प्रतिपिंडे शोधून त्यांचे संच विकायला आले.

तथापि निसर्ग इतका सुटसुटीत नाही. मुलांवर जे अभ्यास झाले त्यांत दिसले की क्रॉनच्या आजाराच्या शंभर मुलांपैकी साधारण पंचावन्न-साठ मुलांतच अस्का सापडते, आणि कोलायटिसच्या मुलांत पी-अँकाचे प्रमाण जवळपास तेवढेच. उरलेली चाळीसेक मुले तितकीच आजारी असतात, पण त्यांचा कागद स्वच्छ येतो. त्यातही अगदी लहान मुलांत, आणि ज्यांचा क्रॉनचा आजार फक्त मोठ्या आतड्यात आहे त्यांच्यात, अस्का आणखी कमी सापडते. उलटपक्षी आजार नसलेल्यांतही ही प्रतिपिंडे निघतात. गव्हातल्या ग्लुटेनने होणारा सेलिअ‍ॅक नावाचा विकार आहे, त्यात अस्का पुष्कळदा पॉझिटिव्ह येते. यकृताच्या काही विकारांत पी-अँका येते.

इथे थोडे गणित करू या. मी मराठीचा शिक्षक असलो तरी हे गणित सातवीच्या मुलाला येईल असे आहे. सोयीसाठी धरून चालू की ही तपासणी शंभर आजाऱ्यांतले साठ पकडते, आणि आजार नसलेल्या शंभरांतल्या दहांना उगाच आजारी ठरवते. समजा, पोट दुखते म्हणणारी एक हजार मुले आपण शाळाशाळांतून गोळा केली आणि त्यांच्यात खरा आजार दहांना आहे. तपासणी दहांतली सहा पकडील, चार सुटतील. उरली ९९० मुले, त्यांतली ९९ उगाच पॉझिटिव्ह ठरतील. एकूण पॉझिटिव्ह कागद १०५, आणि खरे त्यांतले सहा! आता दुसरा हिशेब. मोठ्या रुग्णालयात पोचलेली, वजन घटलेली, ताप-रक्तस्राव असलेली शंभर मुले घ्या. यांत पन्नास खरी आजारी आहेत असे धरू. तीस पकडली जातील, पाच उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पस्तीस पॉझिटिव्ह कागदांतले तीस खरे. हे पुष्कळ बरे दिसते. पण निगेटिव्ह कागद मोजा. ते पासष्ट आहेत, आणि त्या पासष्टांत वीस मुले आजारी आहेत. आमचा मुलगा या विसांतला. तपासणी तीच, रक्त काढायची सुई तीच. पण ती कोणत्या मुलाची केली यावर कागदाचा अर्थ बदलतो. सात महिन्यांपूर्वी हे गणित मला कोणी करून दाखवले असते तर मी त्या बाईंना 'काळजीचं कारण नाही' असे खचित म्हटले नसते.

गंमत अशी की ज्या साध्या तपासण्या तालुक्याच्या गावी होतात त्या इथे अधिक उपयोगी पडतात. हिमोग्लोबिन आणि ईएसआर, एवढ्याच दोन. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या दोन साध्या तपासण्यांची प्रतिपिंडांच्या महागड्या संचाशी तुलना केली होती. साध्या दोन मिळून आजारी मुले अधिक सापडली. याखेरीज सीआरपी, अल्ब्युमिन याही पाहतात. आणि शौचाची एक तपासणी आहे, कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशी आतड्यात उतरतात, त्यांच्यातले हे प्रथिन शौचात सापडते. ते वाढलेले असेल तर पुढे जावे. मात्र आव, जंतुसंसर्ग यांतही ते वाढते, म्हणून त्यावरूनही आजाराचे नाव ठरत नाही. नाव ठरते ते दुर्बिणीने. युरोपातील मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांनी पोर्तुगालमधल्या पोर्टो शहराच्या नावाने ओळखले जाणारे नियम २००५ साली घालून दिले आणि २०१४ साली ते सुधारले. त्यांत तोंडावाटे आणि गुदद्वारावाटे अशा दोन्ही बाजूंनी दुर्बीण घालून, आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासावे असे सांगितले आहे, आणि लहान आतड्याची चित्रे एमआरआयसारख्या साधनाने घ्यावी असेही. प्रतिपिंडांना त्यात पुराव्याला जोड एवढीच जागा आहे.

दुर्बीण म्हटले की आपले लोक घाबरतात. मीही घाबरलो होतो. मुलाला भूल दिली, त्याला काही कळले नाही. सर्वांत त्रास झाला तो आदल्या दिवशी पोट साफ करायचे औषध पिताना, हे त्याने स्वतः मला सांगितले.

दुर्बिणीत लहान आतड्याच्या टोकाला जखमा दिसल्या, मोठ्या आतड्यातही अधूनमधून दिसल्या. आणि इथे आपल्या देशातली खरी अडचण पुढे आली. युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांना ती क्वचितच भेडसावते. आतड्याचा क्षय, म्हणजे पोटाचा टीबी, नेमका त्याच जागी बसतो. तशाच जखमा, तसाच ताप, तसेच वजन घटणे. आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध! क्रॉनच्या आजारात संरक्षक शक्ती दाबणारी औषधे देतात. ती क्षयाच्या रुग्णाला दिली तर क्षय मोकाट सुटतो. उलट क्रॉनच्या रुग्णाला क्षयाची औषधे देत बसले तर महिने वाया जातात आणि आतडे आक्रसत जाते. मुलाच्या वडिलांनी आखातातून फोनवर विचारले, 'डॉक्टरसाहेब, पैशाचं बघू नका, रक्ताची ती तपासणी पुन्हा करा, दोन्हीतलं कुठलं ते कळेल ना?' डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही कळणार. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केले की अस्कावरून क्रॉनचा आजार आणि आतड्याचा क्षय यांत फरक करता येत नाही. क्षयाच्या रुग्णांतही ती पॉझिटिव्ह निघते. परदेशी पुस्तकात उपयोगी ठरलेली गोष्ट आपल्या इथे आणली की तिचे मोल असे बदलते. कागद छापणारी प्रयोगशाळा मात्र परदेशी माप जसेच्या तसे छापते.

मग त्यांनी काय केले? तुकड्यांत क्षयाचे जंतू शोधले, त्यांचे बीज शोधणारी तपासणी केली, काही तुकडे वाढीसाठी ठेवले, छातीचा फोटो काढला. तुकड्यांतल्या गाठी पाहिल्या. क्षयाच्या गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या आणि मध्ये सडलेल्या असतात, क्रॉनच्या लहान आणि सुट्या. जखमा अनेक ठिकाणी तुटक होत्या, आणि गुदद्वाराजवळचे ते गळू. या दोन गोष्टी क्रॉनच्या बाजूने बोलत होत्या. जिथे एवढ्यानेही उलगडा होत नाही तिथे आपल्याकडचे डॉक्टर आधी क्षयाची औषधे सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते पाहतात. आमच्या मुलाच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. जंतूंच्या वाढीचा निकाल यायला कित्येक आठवडे गेले, तो अखेर निगेटिव्ह आला. हा 'निगेटिव्ह' शब्द मात्र मी वाचून दाखवला नाही. भाभींना सांगितले, डॉक्टरीणबाईंनाच विचारा.

म्हणजे ही प्रतिपिंडे अगदी कुचकामी आहेत का? तसेही नव्हे. आजार ठरल्यानंतर क्रॉन की कोलायटिस असा संभ्रम राहिला तर त्यांची मदत होते. ज्या मुलांत ही प्रतिपिंडे अधिक प्रकारची आणि अधिक प्रमाणात असतात त्यांच्यात पुढे आतडे अरुंद होणे, फुटणे अशा गुंतागुंती लवकर होतात असेही आढळले आहे. २००५ साली इस्राएलमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सैन्यभरतीच्या वेळी घेऊन साठवलेले रक्त तपासले, तर पुढे क्रॉनचा आजार झालेल्या ३२ जणांपैकी १० जणांच्या रक्तात निदान होण्याच्या आधीच अस्का होती. संशोधकाला ही मोलाची माहिती आहे. पण ३२ पैकी २२ जणांत ती नव्हती, हेही त्याच कागदावर लिहिलेले आहे.

आता एक उलट उदाहरण. गेल्या वर्षी आमच्याच मोहल्ल्यातले, बेकरीत भट्टीवर काम करणारे एक गृहस्थ रात्री घरी आले. मुलगी पाचवीत. परीक्षा आली की पोट दुखते अशी तक्रार. कोणाच्या तरी सांगण्यावरून तीच तपासणी केलेली, आणि अस्का पॉझिटिव्ह. त्यांनी कुठून तरी ऐकले की हे पावाच्या यीस्टचे आहे. 'सर, माझ्या कपड्यांना लागून घरात आलं का हे?' असे विचारताना त्यांचा आवाज फुटत नव्हता. घरात पाव बंद केला होता. कामावरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय मुलीला जवळ घेत नव्हते. नोकरी सोडायचा विचार चालला होता. चार माणसांचे पोट त्या भट्टीवर!

त्यांना मी जे सांगितले ते इथे सर्वांसाठी सांगतो, कारण हा गैरसमज अनेकांचा होईल. प्रतिपिंड सापडले म्हणजे त्या पदार्थाने आजार झाला असे नव्हे. पाव खाल्ल्याने हा आजार होतो असे कोणी सिद्ध केलेले नाही. पाव जगभर खातात. यीस्टवर जे मॅनन असते तशाच जातीचे मॅनन कँडिडा नावाच्या बुरशीवरही असते, आणि ती बुरशी आपल्यापैकी पुष्कळांच्या आतड्यात वस्तीला असतेच. प्रतिपिंड तिच्यामुळेही तयार होऊ शकते. मग मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. कागद मी वाचला नाही, हे सांगायला नको. मुलीची उंची-वजन वयाप्रमाणे ठीक, हिमोग्लोबिन ठीक, ईएसआर ठीक, शौचातले कॅलप्रोटेक्टिन ठीक. अस्का सेलिअ‍ॅकमध्येही येते म्हणून तीही तपासणी केली, ती निघाली नाही. दुर्बिणीची गरज नाही, दर तीन महिन्यांनी उंची-वजन पाहत राहू, असे डॉक्टरांनी ठरवले. मुलगी आता सहावीत आहे. परीक्षा आली की पोट अजून दुखते. त्यावर उपाय आम्हा शिक्षकांकडे असावा.

पहिल्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. गळू कापून काढले. क्रॉनच्या आजारात मुलांना पहिला उपचार म्हणून सहा ते आठ आठवडे बाकी सर्व अन्न बंद करून केवळ एका ठरावीक पौष्टिक द्रवावर ठेवतात. आतड्याची सूज उतरवण्यात मुलांमध्ये हा उपचार स्टेरॉइडच्या तोडीचा ठरला आहे, आणि स्टेरॉइडने वाढ खुंटते तशी याने खुंटत नाही, उलट वजन वाढते. आठ आठवडे! त्यात बकरी ईद आली. आईने त्या दिवशी घरात मसाला भाजला नाही. जेवण शेजारच्या खालांच्या घरी झाले आणि मुलाच्या सोबतीला त्याचे नाना उपाशी बसले. रोजे सुटल्याचे त्याला वाईट वाटत होते तेही नानांनीच समजावले की आजाऱ्याला सवलत आहे, आणि ती मोडण्यात पुण्य नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा द्रवाचे शेवटचे दोन आठवडे राहिले होते. त्याचा थर्मास आम्ही शिक्षकांच्या खोलीत ठेवत असू. आता तो रोज गोळी घेतो, ठरल्या वेळी रक्त तपासून घेतो; ही तपासणी औषधाचा अपाय होत नाही ना हे पाहण्यासाठी, तीत काही रहस्य नाही. पहिल्या वर्षात उंची सहा सेंटिमीटर वाढली. आजार मुळातून गेला असे डॉक्टर म्हणत नाहीत. तो शांत आहे, म्हणतात. तो यंदा दहावीला बसतो आहे. बोर्डाच्या परीक्षेत त्याला दाराजवळची जागा मिळावी म्हणून मुख्याध्यापकांनी वैद्यकीय दाखल्यासह पत्र पाठवले आहे.

त्या दिवशीच्या माझ्या वाक्याबद्दल मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, 'कोणतं वाक्य, सर?' त्याला आठवत होते की नाही, मला ठाऊक नाही.

आता कामाचे तेवढे सांगतो. यंदापासून पाचवी ते दहावीच्या सर्व मुलांची उंची आणि वजन जूनमध्ये आणि जानेवारीत, असे वर्षातून दोनदा घ्यायचे असे संस्थेने ठरवले आहे. वही कार्यालयात ठेवली आहे, पालकांनी कधीही येऊन पाहावी. ज्या मुलाची उंची वर्षभरात चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढली आहे त्याच्या नावापुढे लाल खूण केली आहे. खूण म्हणजे आजार नव्हे. पुष्कळ मुले नुसतीच हळू वाढतात. पण अशा मुलाला डॉक्टरकडे न्यावे आणि नेताना वहीतले आकडे कागदावर उतरवून घ्यावे. पोट सतत दुखत असेल, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागत असेल, शौचात रक्त असेल, विनाकारण ताप येत असेल, तर हेही डॉक्टरांना सांगावे. आणि मूल सांगत नसेल तर त्याला एकटे घेऊन विचारावे. मुलींच्या बाबतीत आमच्या शिक्षिका विचारतील. मुलींकडच्या स्वच्छतागृहाची मोडलेली कडी गेल्या आठवड्यात बदलली. मुलांकडच्या दोन्ही कड्या अजून बदलायच्या आहेत, त्यासाठी सुतार शनिवारी येणार आहे.